मानपत्रावरचं नाव

"जेवणं होऊ देत, मग सांगते," शर्मिला म्हणाली. "पाहुण्याच्या ताटात घास असताना असलं काही बोलायचं नसतं."

सकाळपासून हे ती चौथ्यांदा म्हणत होती. विनयच्या मते तिने ते मुळीच सांगू नये. मंगळवारपासून तो "रविवारी बघू" म्हणत विषय पुढे ढकलत होता, आणि आता रविवार उजाडून साडेअकरा वाजले होते. मसालेभाताचा कुकर गॅसवर होता. तोंडली हेगमधल्या सुरिनामी दुकानातली, गोठवलेली. रायस्वाइकच्या या घरात ओटा बैठकीतच असल्यामुळे नवरा-बायकोला कुजबुजून भांडायचीही सोय नव्हती. खिडकीजवळच्या खुर्चीत स्वेटर घालून बसलेल्या विनयच्या वडिलांना, दिनकररावांना, सगळं ऐकू येत होतं.

"आधी सांग. दारात आला की सांग," ते म्हणाले.

"आप्पा, तो एक वाजता येणार, सकाळपासून उपाशी असणार. दारातच कसं सांगू?"

"तुम्ही दोघं मला एक सांगा," विनय म्हणाला. "सांगून साध्य काय होणार? त्याची बहीण सुटणार आहे का? व्हिडिओ मी काढून टाकलाय. आता तो कुठेच नाही."

"फॉस्तिनचं काय?" शर्मिलाने विचारलं.

विनयने कुकरचा गॅस बारीक केला. 

त्यांची मुलगी संहिता ग्रोनिंगनला शिकली आणि अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टला राहायला गेली. तिथे तिला सिल्वेस्टर भेटला, दिवसभर गोदामात पार्सलं लावणारा आणि संध्याकाळी रेडिओ चालवणारा. त्याच्या देशाचं नाव घरात घ्यायचं नाही, फोनवर तर नाहीच, असा संहिताचा दंडक होता. सगळे नुसतं 'तिकडे' म्हणत. तर तिकडे एका भल्यामोठ्या तळ्याकाठी, दोन सरहद्दींच्या अलीकडे-पलीकडे मिळून या मंडळींनी चार रेडिओ केंद्रं सुरू केली होती. केंद्र म्हणजे एक खोली, डब्याएवढा ट्रान्समीटर आणि बांबूवर चढवलेली अँटेना. आवाज पोचणार जेमतेम आठ-नऊ किलोमीटर. पण रोज संध्याकाळी सात वाजता तिथे 'जिरानी' बोलायचा. जिरानी म्हणजे शेजारी. मासेमारीचे परवाने कोणाच्या घरी वाटले जातात, खाणीसाठी घेतलेली जमीन कोणाची, पलीकडच्या देशातल्या गावाने आपला मुखिया कसा बदलला, हे तो सांगायचा. सरहद्द नकाशावर आहे, जाळं दोन्हीकडे सारखंच फाटतं, असं म्हणायचा. हा जिरानी म्हणजे सिल्वेस्टर, हे पंधरा-वीस माणसांनाच ठाऊक होतं, आणि त्यातली चार या घरातली होती.

चौघंही त्या कामात पडली होती. संहिता कार्यक्रम बांधायची. विनयने रेकॉर्डिंग चारही केंद्रांवर बिनबोभाट पोचवणारं सॉफ्टवेअर लिहून दिलं होतं. दिनकररावांची सगळी हयात सरकारी रेडिओत इंजिनिअर म्हणून गेली होती. त्यांनी पुण्यात बसून, व्हिडिओ कॉलवर, तिकडच्या एका शिंपिणीला अँटेना जुळवायला शिकवली होती. ती शिंपीण म्हणजे कोलेता, सिल्वेस्टरची बहीण. शर्मिला काय करणार? ती जेवू घालायची, आणि कौतुक करायची.

कौतुकानेच घात केला. महाराष्ट्र मंडळाची ती सेक्रेटरी. पाडव्याच्या कार्यक्रमात सिल्वेस्टरचा सत्कार करायचा तिने घाट घातला. शाल, श्रीफळ, मानपत्र. "जिरानी हा शब्द कुठेही येता कामा नये," संहिताने बजावलं होतं, आणि शर्मिलाने ते अक्षरशः पाळलं. पण मानपत्रावर नाव लिहायचं तर ते पूर्ण हवं, स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. वडिलांच्या नावाशिवाय मानपत्र तिला उघडंबोडकं वाटलं. तिने सिल्वेस्टरला विचारलं, त्याने लगेच कळवलं. मग तिने स्वतः, पैठणी नेसून, माइकवर ठणठणीत आवाजात वाचलं, 'श्रीयुत सिल्वेस्टर बोनिफास किसेंगा.' विनयची बहीण ज्ञानदा मंडळाची अध्यक्ष. तिने व्हिडिओ चढवताना खाली सगळं इंग्रजीत लिहिलं, नाव, गाव, 'चार रेडिओ केंद्रांचे संस्थापक'. परक्या लोकांनाही कळायला हवं ना, म्हणून.

पाच आठवड्यांनी तिकडे पोलीस तळ्याच्या घाटावर आले आणि 'बोनिफासचं घर कुठलं' म्हणून विचारत फिरले. शिवणयंत्राच्या मागे ट्रान्समीटर सापडला. कोलेताला घेऊन गेले, त्याला आज तीन आठवडे झाले होते. जिरानी कोण, एवढंच ते तिला विचारत होते, आणि ती सांगत नव्हती.

झुइडओस्टच्या मंडळींनी डोकं चालवलं. तिकडे नावात वडिलांचं नाव लावायची पद्धतच नाही. मग पोलिसांना बोनिफास कुठून कळला? पाडव्याला ते नाव माइकवर वाचलं गेलं होतं हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही; त्याचा व्हिडिओ चढल्याचं तिथे कोणाला ठाऊकच नव्हतं. इथल्यांपैकी ते नाव माहीत असणारा एकच माणूस होता, त्याच घाटावर वाढलेला, सिल्वेस्टरचा लहानपणापासूनचा मित्र, त्याच्याच खोलीत राहणारा. फॉस्तिन. त्याने परोपरीने सांगितलं, मी नाही. त्याची बॅग दाराबाहेर ठेवण्यात आली. त्याच्याशी कोणी बोलायचं नाही असं ठरलं.

मंगळवारी संहिता फोनवर बोलता बोलता म्हणाली, "आई, फॉस्तिन वॉज द ओन्ली पर्सन हू न्यू द फादर्स नेम, यू नो." शर्मिला तेव्हा कपडे वाळत घालत होती. तिने फोन ठेवला आणि मंडळाचा व्हिडिओ उघडला. खाली एक परक्या भाषेतली कॉमेंट होती. तिने भाषांतर करून पाहिली. 'हा घाटावरच्या बोनिफासचा मुलगा ना?'

 तिने ऑफिसात विनयला फोन केला. दहा मिनिटांत व्हिडिओ गायब झाला.

आताही फोन वाजला, तो ज्ञानदाचा. विनयने सवयीने स्पीकर लावला.

"वहिनी, दादाने मला सगळं सांगितलंय," ज्ञानदा म्हणाली. "मी काय म्हणते, त्या कॉमेंटमुळेच झालं याला पुरावा काय? उगाच आपण अंगावर ओढून घेतोय. मंडळाचं नाव येईल, हॉल देताना नगरपालिकेवाले शंभर प्रश्न विचारतील. आणि संहिताच्या नागरिकत्वाचा अर्ज आत आहे, ते विसरू नका."

"बरोबर बोलतेय ती," विनय म्हणाला.

"ज्ञानदा, मी आप्पा बोलतोय," खुर्चीतून आवाज आला. "तुझ्या मंडळाच्या नावापेक्षा एका माणसाचं नाव मोठं आहे. ठेव फोन."

फोन ठेवला गेला. विनय जॅकेट घालून संहिता आणि सिल्वेस्टरला आणायला स्टेशनवर निघाला. दार लावताना तो बायकोला म्हणाला, "जेवण झाल्यावर. तेवढं तरी ऐक." शर्मिलाने मान हलवली. 'मुळीच नको'वरून तो 'जेवण झाल्यावर'पर्यंत आला, एवढ्यात तिला आज समाधान मानावं लागलं.

*

स्टेशनपासून घर बारा मिनिटांवर. वारा समोरून येत होता. संहिता फोनवर काहीतरी बघत मागे रेंगाळली आणि विनय व सिल्वेस्टर पुढे चालू लागले.

सिल्वेस्टर खंगला होता. पाडव्याला फेटा बांधताना 'केवढं हे डोकं' म्हणून ज्ञानदाने त्याची थट्टा केली होती, त्याच डोक्यावरची लोकरीची टोपी आज सैल दिसत होती.

"कोलेताची काही बातमी?" विनयने इंग्रजीत विचारलं.

"वकिलाला भेटू दिलं. ती नीट आहे असं तो म्हणतो. वकील काय, नीटच म्हणणार." मग थोडं चालल्यावर तो म्हणाला, "तुम्हाला माहीत आहे, मला सगळ्यात जास्त काय लागलंय? पोलीस तर पोलीसच. पण फॉस्तिन आणि मी एकाच होडीवरून पोहायला शिकलो. माझे वडील त्याला आपल्या ताटात जेवायला घ्यायचे. त्याने त्याच माणसाचं नाव दिलं."

विनयला वाटलं, आत्ता सांगावं. रस्त्यात कोणी नव्हतं. सायकलवरून एक बाई गेली तेवढीच. 'त्याने नाही दिलं.' तीन शब्द. इंग्रजीत पण तेवढेच झाले असते. पण त्याच्या डोक्यात एकाच वेळी दहा गोष्टी आल्या. संहिताचा अर्ज, शर्मिलाचं ब्लडप्रेशर, ज्ञानदा, आणि हा माणूस भर रस्त्यात ओरडला तर काय. आयुष्यभर त्याने सॉफ्टवेअरमधल्या चुका अशाच दुरुस्त केल्या होत्या. कोणाला कळायच्या आत शांतपणे काढायच्या आणि पुढे जायचं. ती सवय त्याला चांगली नोकरी देऊन गेली होती.

"शर्मिलाने मसालेभात केलाय," तो म्हणाला.

सिल्वेस्टर हसला. "मामा शर्मिला माझे लाड करते."

तो तिला मामा म्हणायचा, त्याच्या भाषेत आई. पहिल्यांदा ऐकून दिनकरराव खो खो हसले होते. विनयला आज ते हसणं आठवलं आणि स्वतःची शरम वाटली. त्याने पावलं भराभर उचलली, जणू लवकर घरी पोचलं की शरम बाहेर राहणार होती.

*

संहिताचा फोन तिच्या मांडीवर उलटा पडला होता. टेबलावर फोन आणायचा नाही हा आईचा नियम, लहानपणापासूनचा.

सकाळी गाडीत बसताना तिला फॉस्तिनचा मेसेज आला होता. तिने तो सिल्वेस्टरला दाखवला नव्हता. त्या माणसाशी बोलायचं नाही असं ठरल्यावर त्याचे मेसेज तरी कशाला दाखवायचे? नंबर सगळ्यांनी काढून टाकला होता; तिनेच काढला नव्हता. का, ते तिला सांगता आलं नसतं. मेसेज मोठा होता. तिने पहिल्या दोन ओळी वाचल्या, 'आज दोन चाळीसच्या विमानाने मी घरी जातोय. मी फितूर असतो तर गेलो नसतो.' तिला रागच आला. नाटकं, असं तिच्या मनात आलं. मग वाटलं, खरंच गेला तर? तिने उत्तर टाइप केलं, 'डोन्ट बी स्टुपिड', आणि पुसून टाकलं. घरी गेल्यावर बाबांना विचारू, बाबा अशा गोष्टीत थंड डोक्याने विचार करतात, असं तिने ठरवलं.

पण घरात आल्यापासून बाबा तिच्या नजरेला नजर देत नव्हते. आई ओट्याशी पाठमोरी. आजोबा पाण्याचा पेला हातात घेऊन बसलेले. कोलेतामुळे सगळेच असे झालेत, असं तिला वाटलं. जेवणाआधी तिने एकदा प्रयत्न केला.

"बाबा, आय नीड टु आस्क यू समथिंग. अबाउट फॉस्तिन."

ते नाव निघताच आईच्या हातून पळी खाली पडली. सिल्वेस्टरचा चेहरा कठोर झाला.

"जेवताना नको, बाळा," विनय घाईघाईने म्हणाला. "जेवण झाल्यावर आपण सगळं बोलूच."

तेव्हा एक वीस झाले होते.

भात वाढला गेला. त्यावर तूप, खोबरं, कोथिंबीर. मठ्ठा. काकडीची कोशिंबीर. सिल्वेस्टर हाताने जेवायचा, आणि शर्मिलाला ते फार आवडायचं. आज तो सावकाश, एकेक घास घेत होता.

"अजून घे," शर्मिला म्हणत होती. "काहीच खाल्लं नाहीस."

संहिताने टेबलाखाली फोन सुलटा केला. एक बावन्न. दाखवावा का याला? त्याच्या ताटात भात होता. तीन आठवड्यांत तो पहिल्यांदा पोटभर जेवत होता, हे तिलाच सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. तिने फोन परत उलटा ठेवला.

*

दिनकरराव जेवले नाहीत. दोन घास चिवडून बसले.

त्यांच्या समोर एक जुना ऑगस्ट महिना होता. ते एकतीस वर्षांचे होते, ड्यूटीवर होते, आणि एका भाषणातली जी ओळ कापायला वरून सांगितलं होतं ती त्यांच्या हातून राहून गेली होती. ओळ प्रसारित झाली. दुसऱ्या दिवशी चौकशी बसली तेव्हा सगळ्यांना वाटलं, ड्यूटीवरच्या दुसऱ्या इंजिनिअरने, मनोहरने, ती मुद्दाम सोडली, कारण मनोहर सरकारविरोधी विचारांचा होता. दिनकररावांनी ठरवलं, साहेब चहा घेतील मग सांगू. मग ठरवलं, उद्या सांगू. मनोहरची नोकरी गेली. पुढे तो नागपूरला रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढून बसला, एवढंच कळलं. दिनकरराव त्याच खात्यातून मानाने निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांनाही शाल मिळाली होती. हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नाही, आणि ती गेली त्याला आता सहा वर्षं झाली.

"शर्मिला," ते म्हणाले. मराठीत, म्हणजे सिल्वेस्टरला कळू नये. "सांगून टाक आता."

"आप्पा, त्याला मठ्ठा तरी पिऊ द्या."

"अगं, माझं ऐक. आज सांगितलं नाहीस तर उद्या सांगवत नाही. मी सांगतो तुला."

"श्रीखंड वाढते आणि सांगते. शपथ."

त्यांनी स्वतः सांगितलं असतं तर? इंग्रजी त्यांना उत्तम येत होतं. कोणी त्यांचं तोंड धरलं नव्हतं. पण सून आपल्या तोंडाने सांगणार म्हणते तर तिचा तो हक्क आपण कसा हिरावून घ्यायचा, अशी सबब त्यांना सापडली. सबब चांगली होती. या वयात माणसाला सबबी झटकन सापडतात. 

"आजोबा काय म्हणतायत?" सिल्वेस्टरने विचारलं.

"तू बारीक झालास म्हणतायत," विनय म्हणाला.

*

श्रीखंड झालं. शर्मिलाने ताटं उचलली, टेबल पुसलं, हात धुतले, पदराला नव्हे तर नॅपकिनला दोनदा पुसले. मग ती सिल्वेस्टरच्या समोरच्या खुर्चीत बसली. तीन वाजून गेले होते.

"सिल्वेस्टर," तिने इंग्रजीत सुरुवात केली. तिचं इंग्रजी एरवी चांगलं होतं. आज शब्द पुढेमागे पडत होते. "फॉस्तिनने काही केलेलं नाही. मी केलं."

त्याला कळलं नाही. संहितालाही.

तिने सांगितलं. मानपत्र, माइक, ज्ञानदाचा व्हिडिओ, खालची कॉमेंट. मंगळवारी तिला कळलं हेही सांगितलं, त्यातला एक दिवसही कमी केला नाही. "मला वाटलं, जिरानी हे नाव तेवढं लपवायचं. ते मी लपवलं. वडिलांचं नाव... आमच्यात ते लावतातच रे. त्याशिवाय मान दिल्यासारखं वाटत नाही. मी तुला मान द्यायला गेले." ती रडू लागली. "माझ्यामुळे कोलेता आत आहे. आणि त्या बिचाऱ्यावर आळ आला."

"चूक सगळ्यांची आहे," विनय म्हणाला. "व्हिडिओ मी काढून टाकला. सांगू नको असं मीच म्हटलं."

सिल्वेस्टरने पुसलेल्या टेबलावर दोन्ही हात पसरून ठेवले. ओरडला नाही. ओरडला असता तर विनयला सोपं गेलं असतं.

"तुम्ही वडिलांचं नाव विचारलंत ना," तो शेवटी म्हणाला, "तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. या देशात मला सात वर्षं झाली. माझे वडील कोण, हे कोणी विचारलं नव्हतं." मग तो म्हणाला, "मी त्याची बॅग दाराबाहेर ठेवली. माझ्या हाताने."

"मॉम," संहिता म्हणाली. ती एरवी तिला मॉम कधीच म्हणत नसे. "मॉम, यू न्यू सिन्स ट्यूजडे?" आणि तिने फोन टेबलावर ठेवला. "तो गेलाय. फॉस्तिन. टु-फॉर्टीची फ्लाइट होती. त्याने मला सकाळी मेसेज केला. मी सांगणार होते, बाबा म्हणाले जेवताना नको."

कोणीच घड्याळाकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. सिल्वेस्टरने फोन ओढून घेतला आणि मेसेज वाचला. संहिताने न वाचलेला खालचा भागही. मग त्याने तो मोठ्याने वाचला, इंग्रजीत, एका सुरात.

'मी उतरल्यावर सरळ त्यांच्याकडे जाणार आणि सांगणार, जिरानी मी आहे. आवाज माझा आहे. त्यांना जिरानी मिळाला की कोलेताचा त्यांना उपयोग नाही. सिल्वेस्टरला सांग, आता तरी त्याने माझ्यावर विश्वास ठेवावा.'

"फोन लाव," विनय उठून उभा राहिला. "लाव फोन. मी गाडी काढतो, आपण स्किपोलला—"

"बाबा, विमान गेलं," संहिता म्हणाली. तरी तिने लावला. फोन बंद होता. तिने पुन्हा लावला, पुन्हा बंद. चौथ्या वेळी दिनकररावांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"मधे कुठे थांबतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. थेट. इथल्या साडेदहाला उतरतं."

शर्मिला काहीतरी पुटपुटत होती. विनयने कान दिला तर ती म्हणत होती, एक वाजता आला होता, एक वाजता आला होता. तो तिला जवळ घ्यायला गेला, तिने त्याचा हात बाजूला केला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. असा हात तिने कधी झटकला नव्हता. मुलगी आईकडे सरकली नाही, बापाकडेही नाही. ती आजोबांच्या खुर्चीशी जमिनीवर जाऊन बसली. "मी पूर्ण वाचलाच नाही, आजोबा," ती मराठीत म्हणाली. "दोनच ओळी वाचल्या."

सिल्वेस्टर उठला. त्याने टोपी काढून खिशात घातली.

"आज सातचा कार्यक्रम उरलेल्या तीन केंद्रांवर लागेल ना?" त्याने विनयला विचारलं.

"लागेल. कालचं रेकॉर्डिंग गेलंय."

"ते काढा. मी नवीन देतो. तुमच्या लॅपटॉपला माइक आहे?"

विनयला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो म्हणाला, "नीट विचार कर. तू स्वतःच्या तोंडाने जिरानी असल्याचं सांगितलंस तर संपलं. तुला कधीच परत जाता येणार नाही. आणि कोलेता? ती तुझ्यासाठी गप्प बसलीय."

"म्हणूनच. मी बोललो की तिला गप्प बसायचं कारण उरणार नाही. आणि फॉस्तिन उतरेल तेव्हा जिरानीचं नाव सगळ्या तळ्याला कळलेलं असेल. तो काहीही सांगो, त्याचं कोणी खरं मानणार नाही. त्याला वेडा म्हणून हाकलून देतील." तो थांबला. "देतील बहुतेक."

"एकदा गेलं की परत घेता येत नाही, सिल्वेस्टर. हे व्हिडिओसारखं नाही."

"व्हिडिओ तरी कुठे परत घेता आला, मिस्टर विनय?"

 विनय वर गेला, अभ्यासिकेची खिडकी लावली, वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून, आणि माइक जोडला. दिनकरराव एकेक पायरी चढून मागोमाग आले. आवाजाची पातळी बघायला ते खुर्चीच्या काठावर बसले. हात त्यांनी बटणावर ठेवला. संहिताही आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

सिल्वेस्टरने कागद घेतला नाही. तो बोलू लागला. आवाज तोच, शांत, घाईचा लवलेश नाही. शर्मिला जिना चढून दारात येऊन उभी होती. आत यायचा तिला धीर होईना. त्याची भाषा तिला येत नव्हती. मधूनच ओळखीचं नाव कानावर पडे. फॉस्तिन. मग पुन्हा फॉस्तिन. एका ठिकाणी त्याने माइक जवळ ओढला आणि पुढे बोलू लागला, पण आता हळू, अगदी जवळच्या कोणाशी बोलावं तसा.

"आता काय म्हणतोय?" शर्मिलाने लेकीला हलक्या आवाजात विचारलं.

झुइडओस्टला राहून संहिताला ती भाषा थोडी समजायची.  तिच्या गालावरून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलंही नाही.

"तिकडच्या, त्याच्या आईशी बोलतोय," ती म्हणाली. "दारात बसू नकोस म्हणतोय. आता त्याची वाट बघू नकोस."

शर्मिला उंबऱ्यातच खाली बसली. दिनकररावांनी बोट वर करून विनयला खूण केली, आणि विनयने रेकॉर्डिंग तिकडे पाठवलं.